विसावं नख

माझ्या लेकीने जळगावला कुत्रा पाळला आहे. पाळला म्हणजे काय, त्याला स्वतःची गादी आहे, उन्हाळ्यात त्याच्यासाठी कूलर चालतो आणि दूध-भाकरी पुढे ठेवली तर साहेब तोंड फिरवतात. मी धुळ्याला राहते ते एका परीने बरंच आहे. तर परवा तिचा फोन आला. म्हणाली, "आई, डॉक्टर विचारत होते, याच्या मागच्या पायांचे ड्यू क्लॉ काढून टाकायचे का? नसबंदीच्या वेळीच होऊन जाईल. तुला काय वाटतं?" मला आधी कळेचना हे काय प्रकरण आहे. मग तिने फोटो पाठवला. मागच्या पायाच्या आतल्या अंगाला, जमिनीला न टेकणारं, लोंबतं एक बोट आणि त्याला नख. "अगं, हा तर वीसनखी!" मी म्हटलं. तिला तो शब्द ठाऊक नव्हता. ठाऊक असणार तरी कसा, मी तो तिच्यासमोर कधी उच्चारलाच नाही. तिच्या मामाबद्दलही मी तिला फारसं सांगितलेलं नाही. भिंतीवर फोटो आहे, शॉक लागून गेला एवढं तिला माहीत आहे, आणि आमच्या घरात तेवढ्यावर भागत आलं. आता लिहायला बसलेच आहे तर ते वर्षही लिहून टाकते.

आमचं गाव फैजपूरच्या बाजूचं. घराच्या मागच्या दारातून निघालं की थेट केळीत. घरात आम्ही चौघं: आबा म्हणजे माझे वडील, माय, माझ्याहून मोठा मधूदादा आणि मी. माय शिंदखेड्याकडची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्या तोंडातलं अहिराणी, 'आहे'ला म्हणायचं 'शे' काही गेलं नव्हतं आणि आमच्या आत्या तिला त्यावरून सळो की पळो करून सोडायच्या. पण मायही काही कमी नव्हती. आत्या समोर असल्या की ती मुद्दाम प्रत्येक वाक्याला 'शे' लावायची आणि भाकरी थापताना गालातल्या गालात हसायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तो थप थप आवाज, चुलीत तुराट्या तडतडण्याचा आवाज आणि मागे विहिरीवरच्या मोटारीची घरघर, एवढ्यावर आमचा दिवस उजाडायचा. दादा त्या घरघरीच्या वर आवाज चढवून सिनेमाची गाणी म्हणायचा. बेसूर म्हणायचा, खोटं कशाला बोलू. पण गावात त्याच्याशिवाय पान हलायचं नाही. कुणाचा पंप बिघडला, कुणाची म्हैस विहिरीच्या काठाला अडकली, की बोलवा मध्याला.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला तो मामाच्या गावाहून एक कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला. पिशवीत घालून, एसटीत मांडीवर ठेवून. तिकडे मेंढपाळांचा तळ पडलेला होता, त्यांच्या कुत्रीचं ते पिल्लू. अंगावर लांब लांब भुरे केस, आणि पोट ढमढोल. माय म्हणाली, "ह्या पोऱ्याले येड लागनं शे. घरमा काय कमी तोंडं शेत का?" दादाने पिल्लाला उताणं केलं आणि मागचे पाय तिच्यासमोर धरले. साध्या कुत्र्याला नखं अठरा. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. याच्या मागच्या पायांना पाच-पाच होती, म्हणजे वीसनखी. आमच्याकडे वीसनखी कुत्रं मिळणं म्हणजे नशीब. तो रानडुकराला केळीत पाऊल टाकू देत नाही, बिबट्यालाही पाठ दाखवत नाही, त्याच्या अंगात वाघाचा अंश असतो, असं सगळे मानायचे. आणि त्याचा सगळा जोर त्या मागच्या जास्तीच्या नखांत असतो म्हणून त्या नखांना कोणी कात्री लावायची नाही, हाही नेम. माय मुकाट आत गेली आणि वाटीत दूध घेऊन आली. पिल्लाचं नाव दादाने जमादार ठेवलं.

मग काय, जत्राच लागली. येईल तो जमादारला उचलायचा, उताणा करायचा आणि नखं मोजायचा. शेजारचे नाना तर दुपारच्या जेवणानंतर रोज एकदा मोजून जायचे, जणू त्यांच्या गैरहजेरीत एखादं गळून पडणार होतं. सगळ्यांची नजर लागायला लागली म्हणून एक दिवस दादाने काळा करदोडा आणला, त्याचे दोन तुकडे केले आणि त्या दोन्ही मागच्या नखांच्या बोटांना मुळाशी बांधून टाकले. मी जमादारचं तोंड धरलं होतं. तो माझं मनगट चाटत होता आणि दादा दातांनी दोऱ्याची टोकं ओढून गाठ पक्की करत होता. थोड्या महिन्यांत त्यावर केस वाढले, दोरे दिसेनासे झाले, आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो. बैलांना, लेकरांना, नव्या मोटारीला आम्ही काळा दोरा बांधतोच. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय होतं?

दादा वैशाखात गेला. सकाळी मोटार चालू करायला गेला, स्टार्टरच्या पेटीपाशी खाली ओल होती, आणि तो परत आला नाही. एवढंच आहे ते. याहून जास्त मी तेव्हाही कोणाला सांगू शकले नाही आणि आताही हात पुढे सरकत नाही. अंगणात बायकांनी टाहो फोडला, आत्यांनी ऊर बडवला, आणि मी ओसरीच्या खांबाला टेकून पाहत राहिले. मला रडू आलं नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. एक आत्या माझ्यासमोरच म्हणाली, "पोरगी दगडाची हाये, बाई." मला त्याचंही काही वाटलं नाही. खरं तर मला वाटलं, बरोबरच म्हणतेय ही.

सुतकात शेजारून पिठलं-भाकरी यायची, घरात फोडणी नव्हती. ते संपलं आणि मायने पहिल्यांदा कढईत तेल टाकलं. जिरं तडतडलं, लसूण पडला, घरभर वास सुटला, आणि आम्ही तिघंही आपापल्या जागी थिजून बसलो. डुबुकवड्यांची आमटी होती. दादाला आवडायची म्हणून केली असेल, किंवा डाळ भिजलेली होती म्हणून केली असेल, मी विचारलं नाही. आम्ही जेवलो. पोटभर जेवलो. त्यानंतरचे महिने असेच गेले. कोणी कोणाशी अबोला धरला नव्हता, उलट बोलणं भरपूर चालायचं. मीठ कमी आहे, केळीला पाणी झालं का, म्हशीला सरकी संपली, माळ्यावरची पाल कोणी हाकलली. आबा बोलायचे, माय बोलायची, मी बोलायचे, आणि सगळं कुठेतरी दुसऱ्यांच्या घरात चाललंय असं मला वाटायचं. मोटार आता नाना येऊन चालू करून द्यायचे. आबा त्या पेटीकडे बघायचेसुद्धा नाहीत. दादाचं नाव घरात कोणी घेत नव्हतं. घ्यायचं नाही असं ठरलं नव्हतं, फक्त घेतलं जात नव्हतं.

जमादारला मात्र काही झालं नाही. लोक सांगतात, धनी गेला की कुत्रं अन्न सोडतं वगैरे. आमच्याने सोडलं नाही. तो भाकरी खायचा, म्हशीच्या आंबोणात तोंड घालून मार खायचा आणि संध्याकाळी केळीच्या बांधावर जाऊन बसायचा. त्याचा मला राग यायचा, त्या दिवसांत मला काही वाटत होतं म्हणायचं तर तेवढंच. ज्वारी निसवायच्या, कणसं बाहेर पडायच्या सुमाराला तो लंगडायला लागला. मागचा डावा पाय उचलून तीन पायांवर चालायचा. काटा असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. मग वास यायला लागला. आबांनी त्याला ओसरीवर आडवा पाडला, केस बाजूला केले आणि एकदम मागे सरकले. ते लोंबतं बोट सुजून लिंबाएवढं झालं होतं, नख वळून मांसात घुसलं होतं आणि बोटाच्या मुळाशी एक काळी रेघ आत रुतलेली होती. आबांनी बोटाने चाचपलं. "दोरा हाये," ते म्हणाले. मग परत एकदा चाचपून, "मध्याचा हाये." कितीतरी महिन्यांनी ते नाव घरात ऐकलं.

मला वाटलं, आता कात्री मागतील. आबांनी हळद मागितली. हळद, मग खोबरेल तेल, मग फिनेल, मग कडुनिंबाचा पाला वाटून. रोज दुपारी ते जमादारपाशी बसायचे, जखम धुवायचे, पण दोऱ्याला हात लावायचे नाहीत. तो जखमेच्या कडेकडेने फिरणारा त्यांचा हात मी पाहायचे. किडे पडले तेव्हा मात्र मायने हट्ट धरला आणि आम्ही बैलगाडीत घालून जमादारला फैजपूरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, लातूरकडचे. त्यांनी पाय नीट पाहिला आणि सांगितलं, "हे बोट काढावं लागेल. पुढच्या पायातल्या अशा नखांना हाड असतं, कुत्रा हाडूक धरायला, पळताना वळायला ती वापरतो, ती आपण उगाच काढत नाही. पण मागचं हे नुसत्या कातडीवर लोंबतंय. भूल देतो, दोरा काढतो, बोट काढतो, टाका घालतो. नाही काढलं तर विष वर चढेल. मग पाय जाईल, आणि पायाबरोबर कुत्रा." आबा म्हणाले, "दोरा तसाच ठेवून नाही होणार?" डॉक्टरांना वाटलं यांना नीट समजलं नाही. त्यांनी परत सगळं समजावून सांगितलं. आबांनी मान हलवली, जमादारला उचललं, गाडीत ठेवलं आणि बैल हाकले.

गावाला तर बोलायला विषयच हवा होता. नाना ओसरीवर येऊन बसले. "वीसनखीचं नख कापतात का कुठी? एवढी केळी उघडी पडीन! डुकरं वाटच पाहून राह्यली." आबा म्हणाले, "तेच तर." कोणी विचारलं की ते हेच सांगायचे: नख काढलं तर राखण जाईल. पण नख हे निमित्त होतं, हे मला कळत होतं. त्यांना नख नको होतं, गाठ हवी होती. मधूच्या हातची. कपडे, चपला, वस्तरा, सगळं त्यांनी तेराव्यानंतर देऊन टाकलं होतं, तेव्हा अशीच पद्धत होती. आणि आता हे एक सापडलं होतं, जिवंत अंगावरचं. जमादार मात्र आता उठत नव्हता. भाकरी तोंडापाशी नेली तरी मान फिरवायचा. आज लेकीचा कुत्रा मान फिरवतो तेव्हा आम्ही हसतो. तेव्हा मी भाकरी हातात धरून त्याच्यापाशी उकिडवी बसले होते आणि मनात एवढंच येत होतं की हाही जाणार, आणि मला याचंही रडू येणार नाही. त्याची मला भीती वाटली. कुत्रा मरेल याची नव्हे, आपल्याला काहीच वाटणार नाही याची.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा कडुनिंबाचा पाला घेऊन बसले तेव्हा माय धुणं टाकून आली. हात ओलेच होते. ती आबांसमोर तोंडावर कधी बोलायची नाही, जे बोलायचं ते भांड्यांना ऐकवायची. त्या दिवशी समोर उभी राहिली. "तुम्ही काय करी ऱ्हायनात?" म्हणाली. "त्यानी बांधा तवय हाई एवलुसं पिल्लू व्हतं. आते मोठं व्हयनं. तो ऱ्हाता ते त्यानीच कापी टाका आस्ता. कवयच."

दादा असता तर त्यानेच तो दोरा कधीच कापला असता, हे आबांना तोवर सुचलंच नसावं. माय धुण्याकडे परत गेली, आणि धोपटण्याचा आवाज सुरू झाला. आबांनी पाला खाली ठेवला आणि मला म्हणाले, "बैल जुंप."

दवाखान्यात डॉक्टर ओरडले नाहीत, हे त्यांचे उपकार. आबांनी जमादारची मान धरली, मी पाय धरला. सुई टोचली. मला वाटलं होतं दोरा निघताना आबा मागून घेतील. पण निघालं ते काय, काळपट लिबलिबीत तुकडे, दोरा म्हणून ओळखू येईल असं त्यात काही राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी ते बोटासकट कापसात गुंडाळून बादलीत टाकलं. टाका घालून झाल्यावर त्यांनी उजवा पाय पाहिला. "हा बघा, इकडेही आहे. इथलं बोट चांगलंय, नख पण ठेवायला हरकत नाही, फक्त वाढलं की टोक कापत जा. पण हा दोरा आजच काढा, नाहीतर सहा महिन्यांनी परत इथेच याल." त्यांनी कात्री पुढे केली. आबा म्हणाले, "राहू द्या. हे मी घरी करतो."

मला ते खरं वाटलं नाही. मायलाही नाही. घरी आल्यावर त्यांनी जमादारला ओसरीवर पोत्यावर निजवलं. भुलीतून तो अजून पुरता बाहेर आला नव्हता, नुसता जीभ बाहेर काढून पडला होता. आबांनी केस बाजूला केले. हा दोरा धड होता, थोडा सैल राहिला होता, गाठ जशीच्या तशी. आबांनी ती नखाने सोडवायला घेतली. जाड बोटं त्यांची, केळीच्या चिकाने काळी पडलेली. ती गाठ त्यात सापडेना. त्यांनी चष्मा आणवला. सुई आणवली. सुईचं टोक घालून पाहिलं. माय चहा ठेवून गेली, तो गार झाला. नाना आले, बघून परत गेले. मी शेजारी बसून होते. आणि मग आबा वाकलेले असतानाच, अगदी नेहमीच्या आवाजात, मोटारीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसे बोलले, "मध्या, लेका, किती घट्ट बांधली रे तुनं. सुटता सुटत नाही."

आत भांड्याचा आवाज थांबला. आबांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच नाकावरून जमादारच्या केसांवर पडत राहिलं. मग त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी भाजीचा विळा आणून दिला. त्यांनी दोऱ्याखाली बोट घातलं, म्हणजे जमादारला लागू नये, आणि एका झटक्यात कापला.

जमादार जगला. पुष्कळ वर्षं जगला. एकोणीस नखांच्या कुत्र्याला काय म्हणायचं यावर गावात महिनाभर वाद चालला आणि नानांनी त्याला 'नापास वाघ' म्हणायला सुरुवात केली. डुकरांना नखं मोजता येत नसावीत, कारण ती त्याला आधीइतकीच भीत राहिली. लेकीला मी फोनवर सांगितलं, लोंबत असेल, कशात अडकून फाटत असेल तर काढून टाक, नाहीतर नख कापत जा आणि राहू दे, पुढच्यांना मात्र हात लावू देऊ नकोस. ती म्हणाली, "आई, तुला बरंच माहितीये गं." मी म्हटलं, "हो, आहे थोडं."

तिला जे सांगितलं नाही ते असं. डाव्या पायाला टाक्याचा व्रण कायम राहिला. उजव्या पायाला दोऱ्याने केस झडून एक गोरी रेघ पडली होती, अंगठीखाली पडते तशी. मी रोज सकाळी जमादारला भाकरी घालताना ती बघायचे. दिवाळी झाली, थंडी पडली, त्याच्या अंगावर नवे केस यायला लागले. एका सकाळी मी पाय उचलून पाहिला तर रेघ सापडेना. केस उलटे फिरवून पाहिले, उजेडाकडे धरून पाहिलं. कातडी सगळीकडे सारखीच. तो पाय हातात धरून मी ओसरीवर बसले आणि मला रडू फुटलं. माय धावत बाहेर आली, "काय व्हयनं? चावना का?" मी तिला पाय दाखवत राहिले, आणि तिथे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.